डिबगर सोर्सची ओळ दाखवेना किंवा भलतीच दाखवायलाय? आधी त्याला पत्ता विचारा

मी चिकलठाणा एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे, ट्रक तोलायच्या काट्याचं सॉफ्टवेअर लिहितो, सी मध्ये, लिनक्सवर. काटे लागलेत जालन्याच्या जिनिंगला, लातूरच्या मोंढ्यात, परभणी-नांदेडकडं, दोन-चार साखर कारखान्यांच्या गेटवर. तिकडं आमची पोरं असतात, काही अडलं की जीडीबी (लिनक्सवरचा डिबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत डोकवायचं साधन) उघडून बसतात आणि मग मला फोन येतो, "दादा, लाईनच दाखवेना." इतक्या वेळा हेच निस्तरलंय की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी नुस्ती लिंक पाठवता येईल.

कमांडी इथं देवनागरीत लिहिल्यात, आपण बोलतो तशा. टायपताना इंग्रजीतच टाका, नाहीतर मलाच शिव्या घालाल.

लक्षणं

- ओळीचा नंबर येतो, फाईलचं नाव येतं आणि पुढं "नो सच फाईल ऑर डिरेक्टरी". कोड काही दिसत नाही.
- जीडीबी चालू होतानाच म्हणतो "नो डिबगिंग सिम्बॉल्स फाऊंड". किंवा नेक्स्ट (पुढच्या ओळीवर जा) मारलं की "व्हिच हॅज नो लाईन नंबर इन्फर्मेशन" म्हणून पार फंक्शनच्या शेवटापर्यंत पळतो.
- कोड दिसतो पण भलताच. कॉमेंटवर थांबतो, रिकाम्या ओळीवर थांबतो.
- नेक्स्ट मारलं की ४० वरून ४५ ला, परत ४१ ला, परत ४५ ला, माकडासारखा उड्या मारतो. व्हेरिएबल प्रिंट केलं तर "ऑप्टिमाइझ्ड आऊट".
- ब्रेकपॉइंट (इथं थांब अशी खूण) टाकला की "नो सोर्स फाईल नेम्ड अमुक", पेंडिंग ठेवू का म्हणून विचारतो.
- प्रोग्राम क्रॅश झाला आणि कधी न बघितलेल्या फाईलचं नाव आलं, पीथ्रेड किल डॉट सी वगैरे.

यातलं तिसरं सगळ्यात घातक. बाकीच्यात डिबगर निदान कबूल तरी करतो की मला सापडेना. तिसऱ्यात तो पूर्ण आत्मविश्वासानं चुकीचं दाखवतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवून दिवस घालवतो.

आता हे होतं कामून, ते थोडक्यात, कारण हे कळलं की अर्ध्या गोष्टी तुमच्या तुम्हालाच सुटतील. लई जणांचा समज असाय की मायनस जी (डीबग माहिती भर, असं कंपायलरला सांगणारा फ्लॅग) टाकून कंपाईल केलं की आपला सोर्स कोड एक्झिक्युटेबलमध्ये (चालवायच्या तयार फाईलमध्ये, म्हणजेच बायनरीत) जाऊन बसतो. नाही बसत. आत जातं ते फक्त कागदपत्र, त्याच्या फॉरमॅटचं नाव ड्वॉर्फ (लिनक्सच्या बायनरीचा फॉरमॅट एल्फ, मग त्याच्या जोडीला ड्वॉर्फ, परीकथेतलं बुटकं, इंजिनिअर लोकांचा विनोद). त्यात डीबग लाईन नावाचा एक तक्ता असतो, मशीन कोडचा हा पत्ता म्हणजे अमुक फाईलची अमुक ओळ. आणि डीबग इन्फो नावाच्या भागात प्रत्येक फाईलमागं दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, एक म्हणजे कंपायलरला फाईलचं जे नाव दिलं ते जसंच्या तसं, आणि दुसरं, कंपाईल करताना आपण ज्या फोल्डरात उभे होतो त्याचा पूर्ण पाथ. बस. कोडचं एक अक्षरही त्यात नसतं.

सातबाऱ्यासारखं समजा. उताऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, पण उताऱ्यात काही तूर उगवत नाही, तूर बघायची तर बांधावरच जावं लागतं. डिबगर हा उतारा हातात घेऊन शेत शोधत निघालेला माणूस आहे. शेत सापडलं नाही तर "नो सच फाईल". उतारा जुना आणि मधल्या काळात बांध सरकलेला, तर तो शेजाऱ्याच्या तुरीत उभा राहून ही तुमचीच म्हणून सांगणार.

चला, आता फुकटच्या तपासण्यांपासून सुरू करू.

ही फाईल तुमची आहे का?

हे आधी बघा, याला पाच सेकंद लागतात. प्रोग्राम अबॉर्ट झाला की जीडीबी जिथं थांबतो ती जागा तुमच्या कोडमध्ये नसतेच, ती सी लायब्ररीच्या पोटात असते. त्या लायब्ररीचा, म्हणजे ग्लिबसीचा सोर्स तुमच्या मशीनवर नाही, म्हणून तो म्हणतो फाईल नाही. बरोबरच म्हणतो. नवीन पोरं इथंच घाबरतात आणि ती पीथ्रेड किल डॉट सी फाईल नेटवरून डाऊनलोड करायला निघतात. नका करू. "बीटी" मारा, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं त्याची रांग दिसेल, त्यात तुमच्या फाईलचं नाव असलेली पहिली फ्रेम बघा, समजा ४ नंबरची आहे, तर "फ्रेम ४". किंवा नुस्तं "अप अप अप" करत वर या. तुमच्या फ्रेमवर आलात आणि कोड दिसायला लागला तर प्रॉब्लेम नव्हताच, चहा घ्या आणि खरा बग शोधा.

पेंडिंगवालं लक्षणही बऱ्याचदा असंच निघतं. तुमचा कोड शेअर्ड लायब्ररीत (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या वेगळ्या फाईलीत) असंल आणि ती अजून लोड झाली नसंल तर जीडीबीला ते नाव माहीतच नसतं. हो म्हणा आणि रन करा. नंतर "इन्फो शेअर्डलायब्ररी" बघा, लायब्ररीच्या नावापुढं कंसात चांदणी दिसली तर त्या लायब्ररीत डीबग माहितीच नाही, मग पुढचं वाचा.

डीबग माहिती आत आहे का?

टर्मिनलवर "फाईल" कमांड द्या, पुढं एक्झिक्युटेबलचं नाव. शेवटी "विथ डीबग इन्फो, नॉट स्ट्रिप्ड" असं यायला पाहिजे (स्ट्रिप म्हणजे नावं आणि डीबग माहिती बायनरीतून कापून टाकणं). इथं एक गंमत आहे, नुस्तं "नॉट स्ट्रिप्ड" आलं म्हणजे झालं असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की फंक्शनांच्या नावांची यादी शिल्लक आहे, ओळींचा तक्ता असेलच असं नाही. दोन्ही शब्द पाहिजेत.

नसंल तर मेकफाईल (मेक कमांडला काय कसं कंपाईल करायचं ते सांगणारी फाईल) बघा. मायनस जी हे कंपाईल करताना लागतं, नुस्तं लिंक करतानाच्या ओळीत टाकून भागत नाही, ही चूक मी स्वतः दोनदा केलीय. आणि लिंकच्या फ्लॅगमध्ये मायनस एस बसलेलं नाही ना तेही बघा, ते सगळं कापून टाकतं. कधीकधी बिल्डमध्ये सगळं ठीक असतं आणि इन्स्टॉल करताना स्क्रिप्ट गुपचूप स्ट्रिप मारते. म्हणून तपासायची ती बायनरी जी खरंच चाललीय. बिल्ड फोल्डरातल्या बायनरीचा रिपोर्ट बघून काटा दुरुस्त होत नाही.

डिबगर कोणता पत्ता शोधायलाय?

"लिस्ट मेन" मारा (एखादी फाईल चालू असल्याशिवाय पुढची कमांड काही सांगत नाही) आणि मग "इन्फो सोर्स". हे सगळ्यात कामाचं आहे आणि आमच्या पोरांपैकी कुणी आपणहून कधी मारत नाही. यात फाईलचं नाव येतं, "कंपायलेशन डिरेक्टरी इज" म्हणून तो जुना पाथ येतो, सापडली असंल तर "लोकेटेड इन" म्हणून खरा पाथ येतो. प्रोड्यूसरच्या ओळीत कंपायलरची आवृत्ती आणि कोणते फ्लॅग दिले होते तेही येतं, आणि त्याच्या खाली ड्वॉर्फची आवृत्ती. मेडिकल रिपोर्टच समजा, आणि तोही फुकट.

मग "शो डिरेक्टरीज" बघा. काहीच केलं नसंल तर तिथं दोनच नावं असतात, डॉलर सीडिर आणि डॉलर सीडब्ल्यूडी. पहिलं म्हणजे कंपाईल झालं तेव्हाचं फोल्डर, दुसरं म्हणजे आत्ता तुम्ही जिथं बसलात ते. डिबगर एवढ्याच ठिकाणी बघतो. आतले सबफोल्डर तो धुंडाळत नाही, हे नीट लक्षात ठेवा. फाईल शेजारच्याच फोल्डरात पडलेली असते आणि डिबगर नाही म्हणतो, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आमचा किस्सा सांगतो. बिल्ड सर्व्हरवर शहराच्या नावानं फोल्डर होते, लातूर, नांदेड, औरंगाबाद. २०२३ मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, आणि काही दिवसांनी कुणीतरी हौसेनं सर्व्हरवरच्या फोल्डरचंही नाव बदलून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठीक, बिल्ड ठीक, सगळं ठीक. पण साईटवर गेलेल्या बायनऱ्या आधीच्या होत्या, त्यांच्या पोटात पत्ता "होम, बिल्ड, औरंगाबाद, काटा" असाच कोरलेला. सर्व्हरवर बसून त्यातली एखादी बायनरी किंवा कोअर फाईल (क्रॅशच्या वेळची मेमरीची नोंद) उघडली की डिबगर जुन्या पत्त्यावर जायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा. पोस्टमन ओळखीचा असला तर जुन्या पत्त्याचं पत्रही आणून देतो, डिबगरला तेवढी ओळखपाळख नसते.

यावर औषध दोन आहेत.

एक, "डिरेक्टरी" कमांड, पुढं सोर्सचं फोल्डर. सोपं आहे, एका फोल्डरातला छोटा प्रोजेक्ट असला तर हेच करा. पण यात एक खड्डा आहे. मूळ पाथ सापडला नाही तर जीडीबी शेवटी फक्त फाईलचं नाव धरून तुम्ही दिलेल्या फोल्डरात बघतो. तुमच्याकडं काटा फोल्डरात युटिल डॉट सी आणि प्रिंटर फोल्डरातही युटिल डॉट सी असलं, आणि डिरेक्टरीच्या यादीत प्रिंटर आधी असला, तर काट्याच्या कोडसाठी तो प्रिंटरची फाईल खुशाल उघडून दाखवणार. म्हणजे पहिलं लक्षण घालवायला गेलो आणि तिसरं ओढवून घेतलं.

म्हणून मोठ्या प्रोजेक्टला मी नेहमी दुसरं सांगतो, "सेट सबस्टिट्यूट-पाथ", पुढं जुना पाथ, पुढं नवा पाथ. म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदलायचा, आतली फोल्डरांची रचना तशीच, त्यामुळं कोणता युटिल हा घोळ राहत नाही. सुरुवातीपासूनच जुळतं, मधला तुकडा देऊन चालत नाही, आणि फोल्डरचं नाव पूर्ण जुळावं लागतं, काटा लिहिलं तर काटा२ ला ते लागू होत नाही. अनेक नियम टाकले तर जो आधी जुळला तोच लागतो, म्हणून जास्त नेमका नियम आधी टाका. एकदा जमलं की होम फोल्डरातल्या डॉट जीडीबीइनिट मध्ये लिहून ठेवा, रोज टायपायची गरज नाही. व्हीएस कोड वापरणाऱ्यांनी लाँच डॉट जेसॉन मध्ये सोर्स फाईल मॅप बघा, एलएलडीबीवाल्यांनी टार्गेट डॉट सोर्स-मॅप. काम तेच.

डॉकरमध्ये बिल्ड करणाऱ्यांचं तर हे कायमचंच दुखणं, कंटेनरच्या आत फोल्डर ॲप नाहीतर सोर्स नावाचं असतं आणि तुमच्या लॅपटॉपवर तसलं काहीच नसतं. तिथंही हेच औषध.

कॉमेंटवर थांबायलाय

आता जो किस्सा सांगतो त्यानं माझा अख्खा एक शनिवार खाल्ला.

परभणीकडच्या एका जिनिंगवर आमचा पोरगा होता. कापसाचा सीझन, बाहेर गाड्यांची रांग, मालक डोक्यावर. पोरगा फोनवर, "दादा, टेअर (रिकाम्या गाडीचं वजन) वजा होईना, अन् ब्रेकपॉइंट टाकला तर डिबगर कॉमेंटवर थांबायलाय." मी म्हटलं मेक परत मार. "मारलं दादा, अप टू डेट म्हणायलंय." मी म्हटलं मग जीडीबीनं काही वॉर्निंग दिली का, सोर्स फाईल एक्झिक्युटेबलपेक्षा नवी आहे अशी? "नाही दादा, काहीच नाही." मग मीही फसलो. वॉर्निंग नाही म्हणजे सोर्स आणि बायनरी जुळतात असं धरून फोनवरूनच उंटावरून शेळ्या हाकत बसलो, हे प्रिंट कर, ते प्रिंट कर. दुपार गेली.

संध्याकाळी सहज म्हटलं, तारीख काय दाखवतोय पीसी? तर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख. साईटवरच्या जुन्या डेस्कटॉपचा सीमॉस सेल (घड्याळ चालू ठेवणारा) मेलेला, लाईट गेली की घड्याळ मागं जायचं, आणि तिथं इंटरनेट नाही म्हणून ते आपोआप दुरुस्तही व्हायचं नाही. पोरानं सकाळी लाईट जाऊन आल्यावर कोड बदलला, त्या फाईलवर जुनी तारीख बसली. मेक बिचारं तारखा बघतं. ऑब्जेक्ट फाईल नवी, सोर्स जुना, मग कशाला कंपाईल करू? आणि जीडीबीची ती वॉर्निंगसुद्धा तारखेवरच चालते, तिलाही वाटलं सोर्स जुनाच आहे, सगळं बरोबर. दोघंही एकाच मेलेल्या सेलनं फसवले. पोरानं फाईलच्या वर सात-आठ ओळींची कॉमेंट टाकली होती, म्हणून सगळ्या ओळी तेवढ्यानं खाली सरकल्या होत्या, आणि डिबगर जुन्या तक्त्यातला नंबर नव्या फाईलमध्ये मोजून दाखवत होता. तो मजकूर वाचतच नाही, फक्त ओळी मोजतो. सीआर२०३२ चा सेल टाकला, घड्याळ लावलं, मेक क्लीन करून परत मेक, आणि टेअर वजा व्हायला लागली. बग पोरानं सकाळीच दुरुस्त केला होता, फक्त तो बायनरीत गेला नव्हता.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत.

डिबगर कॉमेंटवर किंवा रिकाम्या ओळीवर थांबलेला दिसला की पुढचं काही बघायचं नाही, फाईल आणि बायनरी जुळत नाहीत हे पक्कं. कंपायलर कॉमेंटसाठी मशीन कोड बनवतच नाही, त्यामुळं तक्त्यात कॉमेंटची ओळ येऊच शकत नाही. तुम्ही मुद्दाम कॉमेंटवर ब्रेकपॉइंट टाकला तरी जीडीबी तो पुढच्या कोडवाल्या ओळीवर सरकवतो. फंक्शनच्या शेवटच्या महिरपी कंसावर थांबला तर ते मात्र चालतं, तिथं परत जायचा कोड असतो.

वॉर्निंग आली किंवा नाही आली, तिच्यावर विसंबायचं नाही. ताजं गिट क्लोन केलं की सगळ्या फाईलींना आजची तारीख लागते आणि कोड तोच असूनही वॉर्निंग येते. उलट बायनरी पेनड्राईव्हनं कॉपी केली की तिला नवी तारीख लागू शकते आणि खरंच जुनी असली तरी वॉर्निंग येत नाही. आम्ही आता बिल्ड करताना गिटचा कमिट नंबर एका स्ट्रिंगमध्ये भरतो आणि जीडीबीत पहिलं काम म्हणजे ती प्रिंट करणं. फोल्डरातला कमिट आणि तो नंबर एक असला आणि गिट स्टेटस साफ असलं तरच पुढं.

शंका असली तर मेक क्लीन. मोठ्या प्रोजेक्टला वेळ लागतो खरं, पण शनिवारापेक्षा कमी लागतो.

ओळी उड्या मारतात

हे थोडक्यात सांगतो. इन्फो सोर्सच्या प्रोड्यूसर ओळीत मायनस ओ टू दिसलं तर उत्तर तिथंच आहे. ऑप्टिमायझर तुमच्या ओळींचा मशीन कोड मागंपुढं करतो, दोन ओळींचा एकत्र करतो, छोटं फंक्शन बोलावणाऱ्याच्या पोटातच घालतो. तक्ता खरं तेच सांगतो, पण खरंच क्रम बदललेला असतो. डीबग करताना मायनस ओ झिरो नाहीतर मायनस ओजी ठेवा. आणि मायनस ओ झिरो केल्यावर बग गायबच झाला तर खुश होऊ नका, बहुतेक कुठंतरी इनिशियलाइझ न केलेलं व्हेरिएबल आहे, नाहीतर ॲरेच्या बाहेर लिहिणं चाललंय.

कोड बायसननं किंवा फ्लेक्सनं (नियमांच्या फाईलीवरून सी कोड बनवणारी साधनं) बनवलेला असला तर ओळी डॉट वाय किंवा डॉट एल फाईलच्या दिसतात, त्यात काही बिघाड नाही.

स्ट्रिप केलेली बायनरी, वेगळी डीबग फाईल

इथून काम जरा अवघड होतं. साईटवर छोटी बायनरी पाठवायची असते म्हणून डीबग माहिती वेगळ्या फाईलीत काढतात, ऑब्जकॉपीला ओन्ली-कीप-डीबग देऊन, मग स्ट्रिप, मग ॲड-जीएनयू-डीबगलिंक. बायनरी आणि डीबग फाईलची जोडी बिल्ड आयडीनं (बिल्ड करताना आत कोरलेल्या ओळख नंबरानं) ओळखली जाते. डीबग फाईल बायनरीच्या शेजारी ठेवा, किंवा यूएसआर-लिब-डीबग खाली बिल्ड-आयडी नावाच्या लपलेल्या फोल्डरात, तिथं आयडीची पहिली दोन अक्षरं म्हणजे फोल्डर आणि उरलेली, शेवटी डॉट डीबग लावून, म्हणजे फाईल. दोन्हीकडं "रीडएल्फ मायनस एन" मारून आयडी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ती त्याची जोडी नाही, जबरदस्तीनं लोड करू नका.

डेबियन, फेडोरा, उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजांसाठी डीबगइन्फोडी (डीबग माहिती नेटवरून देणारी सेवा) आहे, २०२० साली आलेल्या जीडीबी १० पासून त्याचा आधार आहे. इंटरनेट असलं आणि सर्व्हरचा पत्ता सेट असला की तो डीबग माहिती आणि सोर्स स्वतःच आणतो. ग्लिबसीच्या आत खरंच शिरायचं असलं तर हाच रस्ता. नेट नसलेल्या साईटवर त्याचा उपयोग नाही.

आणखी एक, हे गेल्या काही वर्षांत वाढलंय. बिल्ड सर्व्हरवर नवा जीसीसी आला आणि बोर्डवर जुनाच जीडीबी राहिला, मग "ड्वॉर्फ एरर, राँग व्हर्जन" असं येतं, आवृत्ती ५ आहे, २, ३ किंवा ४ पाहिजे. ड्वॉर्फ ५ आलं २०१७ मध्ये, आणि २०२१ च्या जीसीसी ११ पासून ते न सांगताच वापरलं जातं. नवा जीडीबी टाका, जमत नसंल तर मायनस जीड्वॉर्फ मायनस ४ देऊन कंपाईल करा. बायनरी खराब झालीय म्हणून कार्ड फॉरमॅट करणारेही बघितलेत मी.

रोजची कटकट कायमची घालवायची असली तर मायनस एफफाईल-प्रिफिक्स-मॅप बघा, जीसीसी ८ पासून आहे. बिल्ड करतानाच लांबलचक पाथच्या जागी ठरलेला छोटा पाथ लिहिला जातो, मग कुणी कुठंही बिल्ड केलं तरी पोटातला पत्ता एकच आणि सबस्टिट्यूट-पाथची एकच ओळ सगळ्यांना पुरते. आम्ही हे फोल्डरच्या बारशानंतर केलं. सीकॅश (आधी कंपाईल झालेलं साठवून परत वापरणारं साधन) वापरत असाल आणि हॅश डिर बंद केलं असंल तर मात्र दुसऱ्याच्या फोल्डरचा पत्ता तुमच्या बायनरीत येऊ शकतो, ते एकदा तपासा.

एवढं सगळं होऊनही ओळ चुकीची येत असली तर "इन्फो लाईन" मारून त्या ओळीचा मशीन पत्ता काढा, "डिसअसेंबल स्लॅश एस" नं कोड आणि सोर्स शेजारी ठेवा, आणि बाहेरून "ऑब्जडंप", पुढं ड्वॉर्फ इज इक्वल टू डिकोडेडलाईन, हे देऊन अख्खा तक्ता उलगडून बघा. डोळे दुखतात. पण तक्त्यात ओळ बरोबर असली तर चूक डिबगरच्या शोधण्यात, आणि तक्त्यातच चूक असली तर बिल्डमध्ये, एवढा निकाल नक्की लागतो.

इथं थांबा

मशीन चालवत असलेल्या प्रोसेसला जीडीबी अटॅच करू नका. अटॅच केलं की अख्खा प्रोग्राम जागेवर थांबतो, पण कन्व्हेअर, मोटर, प्रेस थांबत नाहीत, ते शेवटचा हुकूम पाळत राहतात. वरून वॉचडॉग (प्रोग्राम गप्प झाला की बोर्ड परत चालू करणारा पहारेकरी) असला तर बोर्ड मधेच रिबूट होणार. प्लांटच्या इंजिनिअरला बोलवा, लाईन बंद करून घ्या, मग हात लावा. हे मी मोठ्या आवाजात सांगतोय असं समजा.

काट्याच्या कॅलिब्रेशनपर्यंत गेलात आणि वैधमापनाचं सील दिसलं तर ते तोडायचं नाही. ते काम परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याचं, आणि नंतर पुन्हा पडताळणी लागते. डिबगरमध्ये कितीही स्पष्ट दिसत असलं तरी.

बिल्ड आयडी जुळत नाही आणि मूळ डीबग फाईल कुणी जपलेली नाही, तर तिथंही थांबा, स्ट्रिप केलेल्या बायनरीतून ओळींचा तक्ता परत काढता येत नाही. त्याच कमिटवरून, त्याच कंपायलरनं परत बिल्ड करायचा प्रयत्न बिल्ड सांभाळणाऱ्यानं करावा, आपण अंदाजानं दुसरी फाईल जोडू नये. आणि आतली फाईल बोर्ड विकणाऱ्याच्या बंद लायब्ररीतली असली तर त्यांच्या सपोर्टला लिहा, तो सोर्स तुम्हाला मिळणारच नाहीये.

मला किंवा तुमच्या इथल्या जाणकाराला फोन करायच्या आधी एवढं पाठवा, इन्फो सोर्सचं आउटपुट, शो डिरेक्टरीज, शो सबस्टिट्यूट-पाथ, फाईल कमांडचं उत्तर, आणि पीसीवरची तारीख. मजकूर कॉपी करून पाठवा. मोबाईलनं स्क्रीनचा तिरका फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका, त्यात नेमका पाथच कडेला कापला जातो.